वाकून वाढा

"म्हशीपुढं टाक. तुझ्याच हातानं टाक."

पाटलीणबाई ओटीवरून बोलल्या. मी खाली अंगणात उभी. गारा नुकत्याच थांबल्या होत्या. माझ्या केसांतून पाणी गळत होतं, परकर पायांना चिकटला होता. ओटीच्या कडेला धोतराचं गाठोडं होतं. त्यात त्यांच्या वर्षभराच्या कुरडया. सगळ्या कोरड्या. मी वाचवलेल्या.

मी गाठोडं उचललं. गोठ्यात नेलं. म्हशीच्या गव्हाणीत एकेक मूठ टाकली. म्हशीनं हुंगलं, फुरफुरली आणि खायला लागली. कुरूम कुरूम आवाज येत होता. मागं पाटलीणबाई, त्यांच्या शेजारणी, त्यांची सून, गडीमाणसं, सगळे बघत होते. कुणी हसलं नाही. हसले असते तर बरं झालं असतं. देवाचं काही चाललंय तसे गप्प उभे होते.

हे असं का झालं ते सांगते.

आमचं गाव जुन्नरच्या अलीकडं, नदीकाठी. लेण्याद्रीचा डोंगर आमच्या वस्तीतून दिसायचा. वस्ती म्हणजे महारवाडा, गावाच्या खालच्या अंगाला. गावाचं सांडपाणी आमच्या दारावरून नदीला जायचं. दादा, म्हणजे माझे वडील, गावकीची कामं करायचे. वर्दी देणं, सरकारी माणूस आला की पुढं पळणं, मेलेलं जनावर ओढणं. आई पाटलाच्या घरी अंगण झाडायची, गोठ्यातलं शेण काढायची, लाकडं फोडायची. बदल्यात भाकरी मिळायची. कालची.

मी तेव्हा तेरा-चौदा वर्षांची असेन.

होळी झाली की गव्हाची खळी उरकायची आणि गावात वाळवणं सुरू व्हायची. पापड, सांडगे, कुरडया. पाटलाच्या घरी कुरडयांचा थाट मोठा. गहू भिजत घालायचे, रोज पाणी बदलायचं, मग वाटून पिळून चीक काढायचा. मोठ्या पातेल्यात हिंग-मीठ घालून तो चीक शिजायला लागला की वास थेट आमच्या वस्तीपर्यंत यायचा. गरम चीक वाटीत घेऊन त्यावर तेल घालून पाटलाच्या घरची पोरं ओटीवर बसून खायची. माझ्या तोंडाला पाणी सुटायचं. ते गिळायला मला कुणाची परवानगी लागत नव्हती.

माझं काम राखणीचं. अंगणात बाजा टाकलेल्या. बाजांवर ओली धोतरं, धोतरांवर कुरडया. मी निंबाच्या सावलीत काठी घेऊन बसायचं. कावळा आला, कोंबडी आली, शेळी आली की हाकलायचं. बाजेला हात लावायचा नाही. माझी सावली बाजेवर पडू द्यायची नाही. ऊन सरकलं की मी पण सरकायची. सावलीचा अंदाज मला इतका आला होता की डोळे मिटून सांगितलं असतं कुठं बसायचं.

त्या दिवशी दुपारी पाटलीणबाई शेजारणींसंगं गल्लीत एका घरी बांगड्या भरायला गेल्या होत्या. घरात नवी सून एकटी. लग्न होऊन तिला वर्षसुद्धा झालं नव्हतं. एकदम वावटळ उठली. नदीकडून काळं आभाळ आलं. पहिल्यांदा धूळ, मग टपोरे थेंब, मग गार. लिंबाएवढी. माझ्या खांद्यावर बसली तशी मी ओरडले, "वैनी, कुरडया! वैनी!"

सून खिडकीत आली. तिच्या कडेवर दिराचं लहान पोर, ते भेदरून रडत होतं. तिला बाहेर येता येईना. ती ओरडली, "उचल गं! बघती काय, उचल!"

मी उचललं. चारी टोकं धरून एकेक धोतर गोळा केलं, एकात एक बांधलं. गारा डोक्यात, पाठीत बसत होत्या. गाठोडं पोटाशी धरून मी वाकून पळाले आणि ओटीच्या कडेला ठेवलं. आत सरकवलं. मी स्वतः ओटीवर चढले नाही. खाली भिजत उभी राहिले. मला वाटलं, आज पाटलीणबाई चीक देतील. खरंच वाटलं. वाटीभर नाही, पानावर घालून का होईना.

पाटलीणबाई आल्या. ओटीवरचं गाठोडं बघितलं. मला बघितलं.

"कुनी उचाललं?"

"मी."

"कुनाला इचारून?"

मी सुनेकडं बघितलं. ती दाराच्या आत उभी होती. तिनं पदर पुढं ओढला आणि खाली बघायला लागली. मी वाट बघत राहिले. ती बोलली नाही. मी पण तिचं नाव घेतलं नाही. त्या घरात तिलासुद्धा तोंड नव्हतं हे मला पुढं कळलं. त्या घडीला मात्र मला तिचा इतका राग आला की पाटलीणबाईचाही तेवढा आला नाही.

मग त्या म्हणाल्या, म्हशीपुढं टाक.

गव्हाण भरली तोवर कुणीतरी आईला बोलावून आणलं होतं. आई पळत आली. काय झालं ते तिला कुणी नीट सांगितलं नाही. सांगायची गरज पडली नाही. तिनं ओटीवर शिंपडलेलं गोमूत्र बघितलं, मला गोठ्यापाशी बघितलं, आणि अंगणातल्या चिखलात गुडघे टेकले. पायरीपुढं नाक घासलं. "चुकलं बाय. पोर हाय. पदरात घ्या."

"तुझ्या पोरीला हात लई लांब आल्यात," पाटलीणबाई म्हणाल्या.

आई उठली. माझ्याजवळ आली. आणि मला मारलं. सगळ्यांसमोर. एका थोबाडीत मी भिंतीवर गेले. दुसरी कानावर बसली. कान कितीतरी वेळ वाजत होता. तिसरी मारायला तिनं हात उचलला तेव्हा मला तिचे डोळे दिसले. ती माझ्याकडं बघतच नव्हती. ओटीकडं बघत होती. एवढं बास का अजून, असं विचारत होती.

घरी गेल्यावर तिनं माझ्या कानाला शेक दिला. चुलीवर फडकं तापवून. मी विचारलं, "मला का मारलं?"

"मी मारलं नसतं तर त्येंच्या गड्यांनी मारलं असतं. त्येंचा हात जड असतो."

मी गप्प बसले. पण डोकं गप्प बसलं नाही. संध्याकाळी आई शेण काढायला पुन्हा त्याच गोठ्यात गेली, मी तिच्यासंगं. दारात उभी राहिले. गड्यानं त्याच म्हशीची धार काढली. फेसाळ दूध. पाटलीणबाईंनी चरवी आत नेली. रात्रीला त्या घरातली पोरं ते दूध पिणार. माझ्या हातानं बाटलेल्या कुरडया म्हशीनं खाल्ल्या, म्हशीचं दूध त्यांनी प्यायलं. म्हशीच्या पोटात माझा विटाळ कुठं गेला?

मी हा प्रश्न खूप घोळवला. दुसऱ्या दिवशी, तिसऱ्या दिवशी. लहानपणापासून मला वाटायचं की आपल्या अंगात काहीतरी आहे. वासासारखं, रोगासारखं. आपल्याला दिसत नाही पण त्यांना दिसतं. त्या दिवशी पहिल्यांदा वाटलं की काहीच नाही. माझ्या हातात काहीच नाही. जे आहे ते त्यांच्या डोक्यात आहे, आणि ते सोयीनं आहे. दूध सोडायचं नाही म्हणून म्हैस बाटत नाही.

मी राखणीला पुन्हा गेले. जावं लागलं. पण आता निंबाखाली बसून मी कावळ्यांकडं कमी आणि माणसांकडं जास्त बघायला लागले.

पुढं चैत्रात देवीची जत्रा आली. आमच्याकडं जत्रा म्हणजे बैलगाडे. माळावरच्या घाटात, म्हणजे शर्यतीच्या धावपट्टीवर, गाडे पळायचे, आंबेगावाकडून, आळ्याकडून, लांबलांबून बैल यायचे. तळेघरच्या वरच्या डोंगरातल्या बाया करवंदांच्या पाट्या घेऊन उतरायच्या. आदल्या दिवशी आमच्या वस्तीनं अख्खा घाट झाडून काढला, खडे वेचले. बैलांच्या पायाला खडा लागू नये म्हणून. बायांनी जेवणासाठी लाकडं वाहिली. गुळाची लापशी, आमटी, भात. कढया एवढ्या मोठ्या की ढवळायला वल्ह्यासारखे उलथने.

गावाची पंगत देवळापुढं, मांडवात. आमची ओढ्यापलीकडं, उन्हात. गाव जेवून उठलं, पाहुणे जेवून उठले, गाडेवाले उठले, मग आमच्याकडं बादल्या आल्या. सकाळपासून वस्तीतल्या कुणाच्या पोटात काही नव्हतं. जत्रेचं जेवण म्हणून घरी चूल पेटवलीच नव्हती.

वाढायला पाटलाचा धाकटा भाऊ. त्याला सगळे धाकले पाटील म्हणायचे. ओढ्याअलीकडच्या पंगतीत मी त्याला वाढताना बघितलं होतं. वाकून, आग्रह करून, "घ्या पावणं, अजून एक पळी" असं म्हणत. आमच्याकडं आला तेव्हा तो ताठ उभा राहिला. पळी पत्रावळीला लागू नये म्हणून कमरेएवढ्या उंचीवरून लापशी सोडत आला. धप्प. धप्प. निम्मी पत्रावळीवर, निम्मी बाहेर. आमची माणसं खाली मान घालून बाहेरची लापशी बोटानं आत ओढत होती.

माझ्यापुढं आला. त्यानं पळी उलटी केली. गरम लापशी माझ्या मनगटावर पडली आणि तिथून मातीत. मी हात झटकला. कातडी लाल झाली.

"माती झाडून घे नि खा," तो म्हणाला आणि पुढं सरकला.

माझ्या तोंडून निघालं, "वरनं टाकू नका."

तो थांबला. "काय म्हनलीस?"

"वरनं टाकू नका. वाकून वाढा. त्या पंगतीला वाकत व्हता तसं."

माझा आवाज मोठा नव्हता. पण शेजारच्यांचे हात थांबले. मग त्यांच्या शेजारच्यांचे. दादा माझ्या समोरच्या ओळीत बसले होते. ते हळूच म्हणाले, "गप बस पोरी."

धाकला पाटील हसला. मागं वळून भातवाल्याला म्हणाला, "ऐकलं का रं? महाराच्या पोरीपुढं वाकायचं म्हन आता." मग माझ्याकडं वळला. "खायचं तर खा. न्हाईतर कुत्री हायत."

दोन वर्षांमागं देशाचं पहिलं मतदान झालं होतं. आई-दादा जाऊन आले होते. दादा घरी येऊन सांगत होते की पेटीपाशी त्यांच्या मागं पाटील स्वतः उभे होते, पाळीची वाट बघत. दादा हे सांगताना हसत होते, विश्वास न बसल्यासारखे. ते मला तिथं आठवलं. दादांकडं बघितलं. त्यांच्या मिशीला लापशी लागली होती आणि डोळ्यांत माझ्यासाठी भीती होती. फक्त भीती.

मी उठले. पत्रावळ उपडी केली. आणि वस्तीकडं चालायला लागले.

मागं कुणी उठलं नाही. हे मी मुद्दाम सांगते. पुढं कितीजणांनी मला विचारलं, मग सगळी वस्ती उठली असंल? नाही उठली. भुकेली होती. माझ्या पाठीमागं पुन्हा धप्प धप्प सुरू झालं, ते मला ओढा ओलांडेपर्यंत ऐकू येत होतं. घरी येऊन मी पाणी प्यायले आणि रडले. मनगटावर फोड आला होता.

दुसऱ्या दिवशी दादांना चावडीवर बोलावणं आलं. पाटलानं दादांना उन्हात उभं केलं आणि सांगितलं, पोरीनं देवीच्या प्रसादाला लाथ मारली. तिनं देवळापुढच्या पायरीवर, सगळ्या गावादेखत नाक घासायचं. तोवर वस्तीतल्या कुणालाही काम नाही. दुकान नाही, गिरणी नाही, गायरानात जनावर नाही.

मी लाथ मारली नव्हती. पण चावडीवर लाथ मारली असं ठरलं.

चैत्र सरला, वैशाख लागला. कांदे काढायला बाहेरगावच्या बाया आणल्या. आमच्या बाया बांधावर उभ्या राहून बघत. नदी आटली होती. आम्ही वाळूत झरे खणून पाणी भरायचो, वाटी-वाटीनं. एका सकाळी गेलो तर झऱ्यांत म्हशी बसवलेल्या. वरच्या अंगाला दुसरे झरे खणले. त्यात शेण टाकलं. घरोघरी हुलग्याचं माडगं, तेही पातळ होत चाललेलं. शेजारच्या घरातलं तान्हं जुलाबानं गेलं. त्याची आई आमच्या दारासमोरून जाताना माझ्याकडं बघायची नाही. मला ते पाटलाच्या शिव्यांपेक्षा जड गेलं.

मग एक दिवस वस्तीतले म्हातारे तात्या आमच्या दारात आले. वस्तीतले सगळ्यात वडील. त्यांच्यामागं आणखी चारपाच जण. दादा बाहेर उकिडवे बसले होते. आई चुलीपाशी.

तात्या म्हणाले, "वस्ती मराया लागलीय रं. पोरीचं नाक घासलं तर काय झिजतंय का? आपन काय कमी वेळा घासलंय?"

दादांनी समोरच्या मातीत बोटानं रेघ ओढली. मग म्हणाले, "नेतो."

मी आतून सगळं ऐकत होते. त्या क्षणी मी जायला तयार झाले होते. खरंच झाले होते. त्या मेलेल्या तान्ह्यासाठी गेलेच असते.

आई उठून दारात आली. हातातला उलथना तसाच. पुरुषांपुढं ती कधी बोलत नसे. पदरसुद्धा डोक्यावर नव्हता.

"तिला न्यायची न्हाई."

"अगं, पर..." तात्या म्हणाले.

"तात्या, त्येंच्या अंगनात मी माज्या हातानं तिला मारली. तिनं त्येंच्या कुरडया वाचवल्या व्हत्या. मला ठाव व्हतं तिचं चुकलं न्हाई. तरी मारली. ती रातभर कान धरून झोपली. आता पुन्यांदा न्हाई. आमच्यामुळं वस्ती मरत असंल तर आमी जातो. पर तिला घेऊन जातो, त्या पायरीवर न्हाई."

तात्यांनी हात जोडले. कशासाठी जोडले ते मला अजून कळलेलं नाही. माफी होती की निरोप.

आम्ही दुसऱ्या दिवशी गाव सोडलं. भांडी, जातं, गोधडी. दादांनी चावडीच्या भिंतीला आपली गावकीची काठी टेकवून ठेवली. कुणी विचारलं नाही. वस्तीच्या बाया वेशीपर्यंत आल्या. तान्हं गेलेली ती शेजारीण पण आली. तिनं आईच्या ओटीत दोन मुठी हुलगे घातले. तिच्या घरात तेवढेच असतील.

आळ्याकडं रस्त्याचं काम चाललं होतं. तिथं खडी फोडायला लागलो. उन्हात, पालात राहून. आईच्या हातांना आधी फोड, मग घट्टे. दादांना धुळीनं खोकला लागला आणि त्या पावसाळ्यात ते गेले. जायच्या आधी, मी त्यांच्याजवळ बसले असताना, ते म्हणाले, "मी नेतो म्हनलो व्हतो." मी म्हणाले, "नेलं न्हाई ना." ते म्हणाले, "तुज्या आयनं न्हाई नेऊ दिलं." एवढंच. माझ्यापाशी त्यांचं हेच शेवटचं बोलणं आहे.

पुढच्या वर्षी गहू काढणीला आले तेव्हा पाटलाचा गडी आम्हाला शोधत रस्त्यावर आला. आमच्यामागं वस्तीतली आणखी काही घरं उठून गेली होती, कुणी जुन्नरात, कुणी पुण्याकडं. आभाळ भरून येत होतं आणि उभ्या गव्हाला माणूस मिळत नव्हतं. गडी आईला म्हणाला, "पाटलांनी बोलावलंय. झालं गेलं इसरा म्हनत्यात. घर तसंच हाय तुमचं."

आईनं माझ्याकडं बघितलं. बोलणं माझ्यावर सोडलं.

मी विचारलं, "चुकलं म्हनाले का?"

गडी गोंधळला. "कोन?"

"पाटील. पाटलीनबाई. धाकले पाटील. चुकलं म्हनून सांगितलंय का कुनी?"

"येडी का काय तू? पाटील कशाला चुकलं म्हनतील?"

"मग आमी कशाला येऊ?"

त्यानं आभाळाकडं बघितलं. मग आल्या वाटेनं गेला. मी हातोडी उचलली आणि पुढचा दगड ओढला. आई शेजारी येऊन बसली. म्हणाली, "उपाशी ऱ्हायची सवय हाय आपल्याला. दुसरी सवय मोडाय पायजे." आणि तिनंही हातोडी घेतली.

याला आता पुष्कळ वर्षं झाली. लोक मला सांगतात, जाऊ दे. ती माणसं आता राहिली नाहीत, तो काळ गेला. मी जाऊ देत नाही. चुकलं म्हणायला त्या घरातून अजून कुणी आलेलं नाही. मी वाट बघत बसलेले नाही, पण दार लावूनही घेतलेलं नाही. मुलगा येवो, नातू येवो. जो येईल त्याला मी उन्हात उभं करणार नाही. माझ्या घरात, माझ्यासमोर, माझ्याएवढ्याच उंचीवर बसवीन. आणि हे सगळं त्याला पहिल्यापासून ऐकवीन. एक शब्द गाळणार नाही. तो मधेच उठायला लागला तर म्हणेन, बस. अजून संपलेलं नाही.